दोन श्रावणांचं वर्ष

“सव्वा महिना होऊन वर पंधरा दिवस. एवढंसं लेकरू! त्याची कसली आलीय तारीख आन कसली घटका. म्हणं कुंडली पायजे. कुंडलीला काय पाळण्यात घालून हलवायचं हाय?”

हौसाआत्या हे तांदळाला सांगत होती. मांडीवर सूप, नाकावरून घसरलेला चष्मा आणि तोंडाने पुटपुट. आत्याला गेली काही वर्षं कमी ऐकू यायचं. त्यामुळे तिला वाटायचं ती मनात बोलते. तिचं ते मनातलं बोलणं शेजारच्या अंगणापर्यंत पोचायचं. मी तर तिच्या पाठीमागेच होते, फडताळात कमरेपर्यंत शिरून खालच्या फळीवरचे जुने कागद काढत होते.

“कुठलं लेकरू गं, आत्या?” मी आतूनच विचारलं.

सूप थांबलं. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मांजराचं,” आत्या म्हणाली.

आमच्याकडे मांजर नव्हतं.

ही गोष्ट सत्याऐंशी सालच्या जानेवारीतली. शाळेच्या दाखल्यावर मी तेव्हा वीस वर्षांची होते. सातवीत असताना अण्णा गेले आणि माझी शाळा सुटली. तेव्हापासून मी घरी मशीनवर झंपर आणि परकर शिवत होते. माझ्या पाठचा जालिंदर आयटीआयला जात होता. घरात आम्ही दोघं, आई आणि अण्णांची थोरली बहीण हौसाआत्या. गाव कराडच्या अलीकडे, नदीकाठी.

आमच्या घरी कॅलेंडर फेकून द्यायची पद्धत नव्हती. वर्ष संपलं की त्याची पानं फडताळात भांड्यांखाली अंथरली जायची, नवी जुन्यांवर. शाळा सुटल्यावर भांडी लावता लावता मी ती पानं वाचायला लागले. दुसरं वाचायला होतं काय घरात! हळूहळू ध्यानात आलं, की तारीख तीच धरली तर वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो आणि मध्ये एकोणतीस फेब्रुवारी आला तर दोनाने. कुणी शिकवलं नाही. पण एकदा हे कळल्यावर मला थांबवणं अवघड झालं. गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायला आल्या की विचारायच्या, “शालन, आमच्या लग्नाला कुठला वार होता गं?” मी बोटांच्या पेरांवर मोजायची आणि सांगायची. जालिंदर मला पंचांगच म्हणायचा.

ज्या दिवशी आत्याचं लेकरू मांजराचं झालं, त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मला बघायला आले होते. मुलगा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. बरोबर त्याची आई. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि मी वाट बघत बसले, की आता विचारतील, स्वयंपाक येतो का, पुरण जमतं का. त्याने विचारलं, “ऐकलंय, तुम्हाला कुठल्याही तारखेचा वार सांगता येतो. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस?”

“शुक्रवार.”

त्याने खिशातून कागद काढून पाहिला. घरून लिहून आणला होता! मग तो इतका मनापासून हसला, की मी बशी उचलायचं विसरून तशीच उभी राहिले. मला तो माणूस हवासा वाटला. एवढ्या लवकर असं वाटू नये म्हणतात, पण वाटलं.

“आणि बाळ, तुझा स्वतःचा जन्मवार?” त्याच्या आईने विचारलं.

“शनिवार,” दारातून माझी आई म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत.

“तारीख?”

“एक जून सहासष्ट,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता जीभ चावली. एक जून सहासष्टला बुधवार होता.

त्या बाई हसल्या. “एक जून व्हय! आमच्या घरात चार एक जून आहेत. एकाचा वाढदिवस करायला जावं तर चौघं पाटावर येऊन बसतात. ती गुरुजींची तारीख झाली हो. आम्हाला खरी पाहिजे. आमचे भटजी तारखेशिवाय पत्रिका करत नाहीत आणि पत्रिकेशिवाय मी पाऊल पुढं टाकत नाही. पुढच्या रविवारी येतो. तोवर काढून ठेवा.”

आमच्या पिढीत हे घरोघर होतं. पोराला शाळेत घालायला न्यायचं, बापाला जन्मतारीख सांगता यायची नाही, मग हेडमास्तर शाळेच्या हिशेबाला सोयीचा पडणारा एक जून ठोकून द्यायचे. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. मलाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी पाहुणे गेल्यावर वाटलं, अरेच्चा! गावातल्या प्रत्येक बाईच्या लग्नाचा वार मला ठाऊक, आणि मी कुठल्या दिवशी या जगात आले त्याचा पत्ता नाही.

सोमवारी संध्याकाळी मी आईला गाठलं.

“श्रावणातली तू. शनिवार. सकाळची वेळ.”

“कुठल्या सालचा श्रावण?”

“जालिंदरच्या आदल्या सालचा. आता जा, चुलीपुढनं सरक.”

जालिंदरची तारीख अख्ख्या घराला पाठ होती. तो कोयनेच्या भूकंपाचा. अकरा डिसेंबर सदुसष्ट. अण्णा तेव्हा धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आम्ही तिथल्या चाळीत राहत होतो. पहाटे आईला कळा सुरू झाल्या म्हणून सगळे जागे होते, आईला अंगणात आणलं होतं, म्हणूनच सगळे वाचले, असं ते आख्यान दर वर्षी व्हायचं. चाळ पडली. आमचं होतं नव्हतं ते तिच्याखाली गेलं, कॅलेंडरंसुद्धा. म्हणून आमच्या फडताळातलं सगळ्यात जुनं पान अडुसष्टचं होतं.

माझी तारीख काढायची तर मला सहासष्टचं कॅलेंडर हवं होतं, आणि ते तर ढिगाऱ्यात गेलेलं.

पण त्याच आठवड्यात मला एक गंमत सापडली होती. भिंतीवर नवीन सत्याऐंशीचं कॅलेंडर लागलं होतं आणि फडताळ साफ करताना तळातलं अडुसष्ट हातात आलं होतं. दोन्ही शेजारी धरली. गणपती, दसरा, दिवाळी, सगळे सण जवळजवळ त्याच तारखांवर! कुठे एखाद्या दिवसाचा फरक. वार वेगळे, पण तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी परत एकमेकींना भेटत होत्या. माहेरवाशिणीसारख्या. मी त्या फळीपुढे मांडी घालून बसले आणि एकटीच हसले.

म्हणजे सहासष्टचं पान नसलं तरी चालणार होतं. एकोणीस मिळवायचे, की पंच्याऐंशी. ते पान फडताळात वरच्या फळीवर, तुपाच्या बरणीखाली होतं. बरणी उचलली, आणि बघते तर काय, पंच्याऐंशीला अधिक महिना. श्रावणच दोन! आधी अधिक श्रावण, मग निज श्रावण. म्हणजे सहासष्टलाही दोन श्रावण असणार.

मंगळवारी सकाळी आई भाकरी थापत होती.

“आई, अधिक श्रावणातली का निज श्रावणातली?”

“काय?”

“मी गं. सहासष्टला दोन श्रावण होते.”

आईची भाकरी गोल असायची, परकाराने काढल्यासारखी. त्या दिवशी ती तिच्या हातात मधोमध फाटली. तिने ती गोळा करून पुन्हा मळायला घेतली.

“श्रावण म्हणजे श्रावण. मला आठवत नाही.”

अधिक महिना बायका विसरत नाहीत. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. आईचं लग्न पासष्टचं, म्हणजे तिचा पहिला धोंड्याचा महिना हाच, सहासष्टचा, आणि तो तर घरात सगळ्यांना तोंडपाठ. आजोबांनी अण्णांना तेहेतीस अनारसे आणि तांब्याची घागर दिली. आई तशीच माहेरी राहिली. मग नागपंचमी आली आणि तिने चिंचेच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर असे झोके घेतले, की पदर फांदीला अडकून फाटला. तो पदर लावलेली गोधडी आमच्याकडे होती.

मी मशीनवर बसले आणि पायडल न मारता विचार केला. नागपंचमी निज श्रावणात, एकवीस ऑगस्टच्या आसपास. श्रावणातले उरलेले शनिवार सत्तावीस ऑगस्टपासून पुढचे. म्हणजे नऊ महिने भरलेली बाई चिंचेला झोके घेते, पदर फाडून घेते आणि आठवड्यात मला जन्म देते. आणि अधिक श्रावणातली धरावी, तर ओली बाळंतीण झोक्यावर उभी. दोन्ही जमेना.

मला राग आला नाही. मला अतोनात उत्सुकता वाटली. हिशेब चुकला की मला नेहमीच बरं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की कुठेतरी काहीतरी आहे.

बुधवारी मी लोहार गुरुजींकडे गेले. रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून ते वाल सोलत होते.

“गुरुजी, तुम्ही मला एक जून का दिलात?”

“सगळ्यांनाच दिला. पुढची रांग, मागची रांग. घे, वाल सोल.”

मी सोलायला बसले. “पण साल तरी खरं होतं का? मी वर्गात सगळ्यात बुटकी होते. तुम्ही मला पुढच्या बाकावर बसवायचात तरी माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत.”

गुरुजींनी चार शेंगा सोलल्या. मग पाचवी हातात धरून ठेवली.

“शालन, गावाला मी एक जून आळसानं दिला. खोटं कशाला बोलू. पण तुझ्या वेळेला तुझे अण्णा आदल्या दिवशी एकटे माझ्या घरी आले होते. म्हणाले, गुरुजी, हिला यंदाच घ्या आणि साल सहासष्ट टाका. पोराला पुढच्या वर्षी आणतो, त्याला सदुसष्ट टाका. दोघांत वर्षाचं अंतर दिसलं पाहिजे.”

“दिसलं पाहिजे? म्हणजे नव्हतं?”

“ते मी विचारलं नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक असलं तरी आता आठवत नाही.” त्यांनी शेंग सोलली. एकही दाणा निघाला नाही, पोचट होती. “तुझ्या अण्णांनी आयुष्यात माझ्याकडे एवढंच मागितलं. जा आता, ऊन चढलं.”

घरी येताना मला आत्याचं मांजर आठवलं.

सव्वा महिना होऊन वर पंधरा दिवस. बायकांचा सव्वा महिना म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस. त्यात पंधरा. पंचावन्न. कशाच्या आधी पंचावन्न? आमच्या घरात काळ मोजायची खूण एकच होती. भूकंप. पुढचं-मागचं सगळं तिथूनच धरायचे.

आणि आणखी एक. भूकंपाचं आख्यान सांगताना आत्या नेहमी म्हणायची, “मी ह्या शालनला घिऊन शेकोटीपाशी बसल्याली.” म्हणताना ती हात करून दाखवायची. मी शंभर वेळा पाहिलं होतं. दोन्ही हात छातीशी, एक कोपर वर, तळवा डोक्याखाली. सव्वा वर्षाचं पोर कुणी असं धरतं? सव्वा वर्षाचं पोर कडेवर असतं, नाहीतर शेकोटीत हात घालत असतं.

गुरुवारी मी आत्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “आत्या, भूकंप रविवारी रात्री झाला का सोमवारी पहाटे?”

“उजाडलं नव्हतं. म्हंजी रविवारच की.”

“कॅलेंडरात सोमवार आहे.”

“कॅलेंडरवाला काय तिथं आलता?”

हा एका दिवसाचा गोंधळ मोठा मजेदार होता. कॅलेंडरचा दिवस मध्यरात्री बदलतो, आत्याचा सूर्य उगवल्यावर. रविवार दहा डिसेंबरपासून पंचावन्न दिवस मागे गेलं, तर सोळा ऑक्टोबर सदुसष्ट. सोमवार अकरापासून गेलं, तर सतरा. मी पाटावर, जिथे कापड बेतायची तिथे, खडूने आकडे मांडले. दहा, अकरा. पंचावन्न. सोळा, सतरा. मग शहाऐंशीचं पान काढलं, कारण सदुसष्टमध्ये एकोणीस मिळवले की शहाऐंशी. सतरा ऑक्टोबरच्या चौकोनात पूर्ण चंद्र होता. कोजागिरी.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

दर कोजागिरीला चंद्र वर आला की आई मला पाटावर बसवून ओवाळायची. जालिंदर दर वर्षी कुरकुर करायचा, “हिलाच का?” आई म्हणायची, “थोरल्या लेकराला ओवाळायचं असतं आज.” आणि आत्या दर वर्षी पुटपुटायची, “आपल्यात न्हाई ही रीत. ती बामणाची.” खरंच आमच्या आळीत कुणाकडे नव्हती. आईने ती कुठून तरी, कुणाच्या तरी अंगणातून उचलून आणली होती. दर वर्षी माझा वाढदिवस झाला होता. न चुकता. फक्त मला सांगितलं नव्हतं.

सतरा ऑक्टोबर, मंगळवार. आणि जालिंदर अकरा डिसेंबर. पंचावन्न दिवसांच्या अंतराने एका बाईला दोन मुलं होत नाहीत. एवढं सातवीत शाळा सुटलेल्या मुलीलाही कळतं.

त्यानंतर एकच गोष्ट जुळायची राहिली होती, तीही आपोआप जुळली. मार्गशीर्षात एक दिवस आई दुपारपर्यंत काही खायची नाही. वरणभाताचं एक पान वाढायची, नदीवर नेऊन ठेवायची. विचारलं तर म्हणायची, माझा नेम आहे. तो दिवस दर वर्षी मागे-पुढे व्हायचा. कधी नोव्हेंबरची अखेर, कधी डिसेंबरची. त्यामुळे कुणी त्याचा कशाशी संबंध लावला नाही. पण नुकत्याच गेलेल्या डिसेंबरात तो नेमका अकरा तारखेला आला होता. जालिंदर रुसला होता, “माझ्या वाढदिवसाला आईने शिऱ्याला हात लावला नाही.” एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख भेटली होती. म्हणजे तो नेम भूकंपाच्या तिथीचा होता. आई कुणाचं तरी वर्षश्राद्ध करत होती.

“काय मांडलंयस हे, पंचांग?” जालिंदर मागून येऊन पाटावर वाकला. “लॉटरीचा नंबर?”

“जाल्या, मी तुझ्यापेक्षा किती मोठी?”

“वर्षाने. म्हणून तर तुझ्या हातचा मार खाल्ला. नाहीतर ऐकून घेतलं असतं का?” त्याने माझी वेणी ओढली आणि सायकल घेऊन गेला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले. आपल्याला काय सापडलंय, हे मला तेव्हा जरा भीतीने कळलं.

मी कुणाची, हे मला हवं होतं. पण ते विचारायचं म्हणजे आईला तोंडावर विचारायचं, की तू माझी आई आहेस का. फाटलेली भाकरी पाहिल्यावर ते माझ्याच्याने होईना. आणि रविवारी पाहुण्यांना खरी तारीख सांगितली, तर गेल्या रविवारीच ऐकलेल्या जालिंदरच्या भूकंपाशी ताडून बघायला त्या बाईंना दोन मिनिटंही लागली नसती. मग चार लोकांत आईला उत्तर द्यावं लागलं असतं. जे उत्तर कधी द्यावं लागू नये म्हणून अण्णा एकटे गुरुजींच्या घरी गेले होते, ते उत्तर.

शुक्रवारी मी ठरवून टाकलं. सत्तावीस ऑगस्ट सहासष्ट, शनिवार, निज श्रावण, सकाळी आठ. वार बरोबर, महिना बरोबर, आईचा शब्द राहिला. पाहुण्यांना झोक्याची गोष्ट कोण सांगणार होतं? खोट्या तारखेच्या पत्रिकेने माझं लग्न झालं असतं, जुळलं तर. मला तो माणूस मिळाला असता आणि मी कोण ते राहून गेलं असतं. चालेल, म्हटलं.

पाटावरचे आकडे पुसायचे राहिले. शनिवारी सकाळी ध्यानात आलं आणि मी धावत गेले. आई रोज तो पाट ओल्या फडक्याने पुसायची. त्या दिवशीही पुसला होता. पण आकड्यांच्या भोवतीने. मधला तुकडा कोरडा होता, आणि त्यावर माझे दहा, अकरा, पंचावन्न, सोळा, सतरा जसेच्या तसे. आईला अक्षरं जेमतेम यायची. आकडे चांगले यायचे.

 

रविवारी ते दोघं आले. या वेळी त्याच्या आईने एक वही आणली होती, निळ्या पुठ्ठ्याची. चहा झाला. त्याने मला विचारलं, “आज मी विचारू का एखादी तारीख?”

“आधी तिची स्वतःची विचार,” त्याची आई म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं. “मिळाली का गं?”

“मिळाली. सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे सहासष्ट. शनिवार. सकाळी आठ.”

माझा आवाज अजिबात हलला नाही. त्यांनी ते नीट, मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. ती वही आता माझ्या ट्रंकेत असते. पान पिवळं पडलंय, पण शाई दिसते.

“बघा! निघते की नाही तारीख!” त्या म्हणाल्या. “शोधलं की सगळं सापडतं. कुणी सांगितली?”

“हिशेब केला.”

“खोडा ते,” आई म्हणाली.

ती दारात नव्हती. मधल्या खोलीतून सरळ आत आली होती आणि पाहुण्यांसमोर उभी होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. पाहुण्यांसमोर ती अशी कधी येत नसे.

“वैनी,” आत्या कोपऱ्यातून म्हणाली. या वेळी तिला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. “वैनी, गप बस.”

“एकोणीस वर्षं गपच बसलेय मी, वन्सं. ह्या पोरीला वार चुकत नाही, तारीख चुकत नाही. आज पहिल्यांदा खोटी सांगितली तिने. माझ्यासाठी सांगितली.” मग त्या बाईंकडे वळून, “सतरा ऑक्टोबर सदुसष्ट लिहा. मंगळवार. कोजागिरी. चंद्र वर आला होता. दूध उतू गेलं त्या गडबडीत.”

“आई, अगं...” जालिंदर म्हणाला आणि थांबला. तो बोटं मोजायला लागला. त्याला मोजता यायचं नाही फारसं, पण एवढं येत होतं. त्याचं मोजणं चाललं होतं आणि त्याचे ओठ हळूहळू पांढरे पडत होते.

त्या बाईंचं पेन वहीवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. “पण ताई, तुमचा मुलगा तर भूकंपाचा म्हणालात. डिसेंबरातला.”

“हो. अकरा डिसेंबर. उजाडायच्या आत.”

“मग हे...”

“माझ्या कळा वाढल्या तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई उठून आली. तिचं बाळंतपण होऊन सव्वा महिन्यावर पंधरा दिवस झाले होते. तिनंच मला अंगणात आणलं, वन्संच्या मांडीवर आपलं लेकरू दिलं. म्हणाली, तुला ऊन पाणी लागेल, आणते. तिचा नवरा आत झोपला होता, त्यालाही उठवते म्हणाली. मी म्हटलं, जा. मीच म्हटलं, जा, लवकर आण.” आईने पदर दोन्ही हातांनी धरला. “पाणी तापलं असेल. कुणास ठाऊक.”

 आत्याने दोन्ही हात छातीशी घेतले होते, एक कोपर वर, तळवा कुणाच्या तरी डोक्याखाली. तिला ते कळलंही नव्हतं.

आई माझ्याकडे वळली. त्या सबंध आठवड्यात तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

“शालन नाव तिनेच ठेवलं तुझं. तिचं मालन.” मग ती पुन्हा त्या बाईंकडे, वहीकडे, त्या उघड्या पेनाकडे वळली. “ही माझ्या पोटची नाही. आता मोजा काय मोजायचं ते.”